राजा चौघांत नव्हे, दोघांत सापडतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काही महिन्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘वायकिंगांचे बुद्धिबळ’ अशा मथळ्याचा अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. ह्नेफाताफ्ल नावाचा स्कँडिनेव्हियातला प्राचीन पटखेळ आता संगणकावर जगभरातल्या लोकांशी खेळता येतो, असा त्याचा आशय होता. खाली एक चौकट होती : ‘हा खेळ असा खेळा’. त्या चौकटीवर विसंबून मी सलग सात डाव हरलो. आठवा डाव जिंकलो, पण का जिंकलो ते मला कळेना. ते कळल्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरले. त्यामुळे आपल्या मजकुरात खेळाचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे छापले आहे (‘हनेफताफल’, ‘नेफाटाफ्ल’ आणि मथळ्याखाली ‘हेनफाताफ्ल’), हे पहिल्या वाचनातच दिसले आणि मी समासात खुणाही केल्या. पण ते शुद्धलेखन झाले. नियमात चूक असेल असे माझ्या मनातही आले नाही. छापील चौकटीवर माझा अजूनही विश्वास बसतो. धंद्यातल्या माणसाने हे कबूल करू नये, पण आहे हे असे आहे.

चौकटीत काय होते ते आधी सांगतो, कारण बरेचसे बरोबर होते. पट नऊ बाय नऊचा, म्हणजे ८१ घरांचा. मधल्या घरात राजा. त्याच्याभोवती अधिक चिन्हाच्या आकारात आठ रक्षक. चारही कडांच्या मध्यावर चार-चार, असे सोळा हल्लेखोर. राजासकट सगळ्या सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ आडव्या-उभ्या चालतात, कितीही घरे, मात्र कुणावरून उडी नाही. शत्रूची सोंगटी मारायची ती कात्रीत धरून : तिच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना आपल्या दोन सोंगट्या आल्या की ती पटावरून उठली. शत्रूच्या दोघांमध्ये आपणहून जाऊन बसले तर मात्र काही होत नाही. राजा पटाच्या कडेला कोणत्याही घरात पोहोचला की तो सुटला, डाव त्याचा. तो पकडला गेला तर हल्लेखोरांचा.

आणि मग हे वाक्य : ‘राजा मात्र पटावर कुठेही असला तरी चारही बाजूंनी वेढल्याशिवाय पकडला जात नाही.’

मी एका संकेतस्थळावर नाव नोंदवले. तिथे एकेका चालीला तीन दिवस मिळतात, त्यामुळे एक डाव महिना-महिना चालतो, आणि एकाच वेळी अनेक डाव सुरू ठेवता येतात. मला हे फार सोयीचे वाटले. पडद्यावर पट पाहून माझ्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी पुठ्ठ्यावर ८१ घरे आखली आणि बटणे घेतली : सोळा काळी, आठ पांढरी आणि राजा म्हणून जुन्या कोटाचे एक जाडजूड तपकिरी. पडद्यावर चाल आली की ती पुठ्ठ्यावर लावायची, दिवसभर येता-जाता पाहायची, आणि रात्री उत्तर द्यायचे.

माझ्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी नॉर्वेतले, उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात राहणारे. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही. शाळेत शिकवतात एवढे कळले. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, त्या दिवसांत त्यांच्या चाली भराभर येतात. मेच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन महिने सूर्य मावळतच नाही. तेव्हा मात्र तीन दिवसांतली शेवटची दोन मिनिटे उरेपर्यंत ते फिरकत नाहीत. आमचे बोलणे इंग्रजीत आणि बेताचेच. डाव संपला की ते नॉर्वेजियनमध्ये ‘टाक फोर काम्पेन’ लिहितात, म्हणजे सामन्याबद्दल आभार. सात वेळा मला ते हरल्यावर वाचावे लागले.

मी प्रत्येक वेळी हल्लेखोरच झालो. तिथे पहिली चाल हल्लेखोरांची, शिवाय संख्येने दुप्पट, तेव्हा नवख्याला तेच बरे असे वाटले. माझी पद्धत अशी की राजाभोवती चार सोंगट्या आणायच्या. तीन यायच्या. चौथी येईपर्यंत राजा निसटायचा. कधी तो माझ्या एका सोंगटीला अगदी खेटून उभा राहायचा, जणू काही भीतीच नाही, आणि मी त्या सोंगटीच्या समोरची बाजू सोडून उरलेल्या दोन बाजूंच्या मागे धावायचो. सातव्या डावानंतर तर मी असे ठरवून टाकले होते की वायकिंगांना राजाचे फार कौतुक असणार, म्हणून त्यांनी खेळच त्याच्या बाजूने झुकता रचला.

आठव्या डावात राजा बाहेर पडून मधल्या घरापासून दोन घरे दूर आला होता. त्याच्या वरच्या घरात माझी एक सोंगटी आधीपासून होती. खाली कडेपर्यंत मोकळी वाट. प्रतिस्पर्ध्याने लिहिले, ‘रायकी’. (या शब्दाबद्दल पुढे सांगतो.) वाट अडवायलाच हवी होती. माझी एकच सोंगटी तिथे पोहोचू शकत होती, आणि तीही नेमकी राजाच्या खालच्या घरात. मी पुठ्ठ्यावर बटण सरकवले, मग पडद्यावर. निव्वळ दार लावायला म्हणून. आता तो डावीकडे जाणार की उजवीकडे, असा विचार करत होतो, तेवढ्यात पट गोठला आणि वर अक्षरे आली : हल्लेखोर विजयी.

मला वाटले, संगणक बिघडला. मी चक्क तसे त्यांना लिहिले. उत्तर आले, ‘टाक फोर काम्पेन. शेवटी पकडलेत तर! गेले सात डाव मला वाटत होते की तुम्ही मला सवलत देताय. म्हणून मीही जरा बेफिकीर झालो.’

त्यानंतर मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. संकेतस्थळावरचे नियमांचे पान उघडून वाचले. राजा मधल्या घरात बसलेला असेल तर त्याला चार बाजूंनी वेढावे लागते. मधल्या घराला लागून असेल तर तीन पुरतात, चौथी बाजू ते रिकामे घरच धरून ठेवते. आणि त्यापासून दूर गेला की तो इतर सोंगट्यांसारखाच, दोघांच्या कात्रीत सापडतो. म्हणजे राजाने घर सोडले की त्याची मिजास टप्प्याटप्प्याने उतरते. आपल्या चौकटीने ही तिन्ही कलमे एका ‘कुठेही’मध्ये गुंडाळली होती.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, संपादकमहाशय. एखादा शब्द चुकणे कुणाला चुकले आहे! पण ही चूक आली कुठून, ते शोधताना असे दिसले की ती आपल्या उपसंपादकांची नाहीच. ती दोनशे वर्षे जुनी आहे आणि ती माझ्याच व्यवसायबंधूंची आहे.

या खेळाचे नियम वायकिंगांनी कुठे लिहून ठेवलेले नाहीत. पट सापडले, सोंगट्या सापडल्या, कथांमध्ये उल्लेख सापडले, पण ‘असे खेळा’ असे कुणी लिहिले नाही, कारण सगळ्यांना ते येतच होते. नियम लिहिले ते कार्ल लिनियसने, १७३२ साली. वनस्पती आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तोच हा. तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि उप्सालाहून निघून स्वीडनच्या उत्तरेला सामी लोकांच्या प्रदेशात झाडाझुडपांचा अभ्यास करत हिंडत होता. तिथे त्याने सामी माणसांना ‘टाब्लुट’ खेळताना पाहिले. त्याला त्यांची भाषा येत नव्हती. त्याने पाहून-पाहून पटाचे चित्र काढले आणि नियम दैनंदिनीत टिपले, थोडे लॅटिनमध्ये, थोडे स्वीडिशमध्ये. मधल्या घराला ते लोक ‘कोनाकिस’ म्हणतात हेही लिहिले. राजाला कडेपर्यंत एक वाट मोकळी झाली की खेळणाऱ्याने ‘रायकी’ म्हणून बजावायचे, आणि एकदम दोन वाटा मोकळ्या झाल्या की ‘तुइकी’. दोन वाटा एका चालीत अडवता येत नाहीत, म्हणून तुइकी म्हणजे डाव संपला. माझे नॉर्वेतले मित्र संगणकावर खेळतानाही हे शब्द न चुकता लिहितात.

लिनियस १७७८ मध्ये गेला. १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा संग्रह आणि कागदपत्रे विकत घेऊन लंडनला नेली. १८११ मध्ये ही दैनंदिनी इंग्रजीत छापून आली. मूळ भाषेत ती छापली जाण्याच्या कितीतरी आधी! म्हणजे भाषांतर वाचकांच्या हाती, आणि मूळ प्रत पेटीत. ताडून पाहायला काही नाही. मुद्रितशोधकाच्या अंगावर काटा यावा अशी परिस्थिती. त्या भाषांतरात खेळाच्या कलमांमध्ये चुका राहिल्या, आणि १९१३ मध्ये बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास लिहिणाऱ्या एच. जे. आर. मरे यांनी टाब्लुट हाच जुन्या ह्नेफाताफ्लचा वंशज हे ओळखले, तेव्हा त्यांच्या हाती तेच भाषांतर होते. (हे मरे म्हणजे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे प्रमुख संपादक जेम्स मरे यांचे चिरंजीव. शब्दांच्या घरात वाढलेल्या माणसालाही चुकीची प्रत चकवते, याचा मला थोडा दिलासा वाटला.) तिथून पुढे नियमांच्या पुस्तिकांत, खोक्यांत विकल्या जाणाऱ्या पटांवर आणि शेवटी आपल्या चौकटीत ‘चारही बाजूंनी’ हेच उतरत गेले.

त्या नियमाने खेळले तर राजाची बाजू फार जड होते. माझ्या सात डावांवरून मी ते सांगू शकतो, पण माझ्या सात डावांना विचारतो कोण? इथेच संगणकावरच्या खेळाचा उपयोग झालेला दिसतो. प्रत्येक प्रकारापुढे आजवर कोणती बाजू किती वेळा जिंकली याची बेरीज तिथे मांडलेली असते. नियमातली एक ओळ बदलली की ती बेरीज कोणत्या बाजूला कलते, हे उघड दिसते. लाकडी पटावर दोघांनी घरात खेळताना हे कधी कळले नसते. हरलेला स्वतःलाच दोष देतो, मी दिला तसा.

चौकट आणखी एका बाबतीत घोटाळ्याची आहे. शेवटी तिच्यात ‘काही ठिकाणी राजाला कोपऱ्यात पोहोचावे लागते’ असे एक वाक्य चिकटवले आहे. ते वेगळ्या खेळातले आहे. आज संगणकावर फार खेळला जातो तो कोपनहेगन नियमांचा प्रकार ११ बाय ११ घरांचा असतो. त्यात २४ हल्लेखोर, बारा रक्षक आणि राजा. तिथे राजाला खरोखरच चार कोपऱ्यांपैकी एक गाठावा लागतो, आणि तिथे त्याला पकडायला खरोखरच चार सोंगट्या लागतात. पण तो नियम आजच्या खेळाडूंनी उघडपणे जुळवून घेतला आहे, आणि त्याचे वजन दुसरीकडे भरून काढले आहे. कडा नाही, फक्त कोपरे! कोपरा कसा बंद करतात हे मी एका डावात पाहिले : कोपऱ्यासमोर तिरक्या रेषेत तीन सोंगट्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आत तीन घरे उरतात आणि तिथे कुणीच पोहोचू शकत नाही, म्हणून त्या तिघांना कात्रीत धरताही येत नाही. चार कोपऱ्यांना बारा सोंगट्या झाल्या की राजाचे दरवाजे बंद. तेवढ्या चाली शत्रू मिळू देतो का, हा प्रश्न वेगळा. सांगायचे इतकेच, की नऊच्या पटाला अकराच्या पटाचा राजा जोडू नये.

आता मथळ्याबद्दल. ‘बुद्धिबळ’ हा शब्द मला खटकला तो हट्टाने नव्हे. बुद्धिबळात दोन सेना सारख्या असतात आणि दोन राजे असतात. इथे राजा एकच. एका बाजूला तो पळतोय, दुसऱ्या बाजूला कुणी राजाच नाही, नुसते दुप्पट लोक आहेत. कालक्रमही उलटा आहे. बुद्धिबळ उत्तरेला पोहोचले तेव्हा हा खेळ तिथे आधीपासूनच होता. इतका, की नव्या खेळाला त्यांनी जुन्याच शब्दाची जोड देऊन ‘स्काकताफ्ल’ म्हटले. ‘ताफ्ल’ म्हणजे पट, मूळ लॅटिन ‘ताबुला’. ‘ह्नेफी’ म्हणजे मूठ, आणि राजाच्या सोंगटीलाही तेच नाव. मुठीचा पट, असे म्हणता येईल. (उच्चार काटेकोर करायचा तर मधला ‘फ’ ‘व’कडे झुकतो, ‘ह्नेवाताव्ल’. पण आपण निदान एका स्पेलिंगवर टिकलो तरी माझी तक्रार नाही.)

‘वायकिंगांचे’ हा शब्दही अर्धाच खरा. एस्टोनियात सारेमा बेटावर साल्मे इथे दोन नौका पुरलेल्या सापडल्या, आत लढाईत पडलेली माणसे. साधारण इ.स. ७५० च्या सुमाराच्या. वायकिंग काळाची सुरुवात इंग्लंडमधल्या ज्या लिंडिसफार्नच्या हल्ल्यापासून मोजण्याचा रिवाज आहे तो ७९३ चा, म्हणजे त्याच्या चाळीसेक वर्षे आधीच्या. त्या नौकांमध्ये हाडांच्या आणि हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्याच्या पुष्कळ सोंगट्या होत्या. एका मृताच्या तोंडात राजाची सोंगटी ठेवलेली होती. हे वाचल्यावर मी माझे तपकिरी बटण हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. का ठेवली असेल, याचे तर्क अभ्यासकांनी केले आहेत, मी करणार नाही. स्वीडनमधल्या बिर्का इथली १८७८ मध्ये उकरलेली एक प्रसिद्ध कबर शस्त्रे, दोन घोडे आणि सोंगट्यांसह सापडली. ती योद्ध्या पुरुषाची असे सगळे धरून चालले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ती स्त्रीची निघाली. आपल्या मजकुरात ‘वायकिंग पुरुषांचा आवडता विरंगुळा’ असे छापले आहे, तिथेही समासात एक खूण केली आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागले ते वेगळेच वाक्य. ‘लिनियसने लॅपलँडमध्ये हा खेळ शोधून काढला.’ शोधून काढला? तो तर समोर चालला होता! दोन माणसे पटाशी बसून खेळत होती आणि हा बाजूला उभा राहून लिहून घेत होता. उरलेल्या स्कँडिनेव्हियात बुद्धिबळाने हा खेळ केव्हाच हुसकावला होता. तो ज्यांनी हातात जिवंत ठेवला त्या सामी लोकांचे नावसुद्धा आपल्या अर्ध्या पानात नाही. जे आहे ते ‘लॅप’, आणि तो शब्द त्या लोकांना अवमानकारक वाटतो, ते स्वतःला सामी म्हणवतात. ते हा खेळ नुसते राखून नव्हते बसले, त्यांनी तो आपला केला होता. लिनियसने टिपले आहे की त्यांच्या पटावरचे आठ रक्षक ‘स्वीडिश’ आणि सोळा हल्लेखोर ‘मस्कोव्हाइट’, म्हणजे रशियन. स्वीडन आणि रशिया यांच्यातले एकवीस वर्षांचे महायुद्ध १७२१ मध्ये संपले होते, अकराच वर्षांपूर्वी. दोन राज्यांच्या टोकाला राहणारी ही माणसे दोन्ही राज्यांना सोंगट्या करून खेळत होती. या एका गोष्टीसाठी तरी तो मजकूर अर्ध्याचा पाऊण पान व्हायला हवा होता.

तेव्हा माझी विनंती अशी. ‘चूकभूल’ या आपल्या छोट्या सदरात पुढील तीन ओळी छापाव्यात. मजकूर मीच शुद्ध करून देतो :

‘रविवार पुरवणीतील चौकटीत टाब्लुट या खेळाचा नियम चुकीचा छापला गेला. राजा कोनाकिसमध्ये असल्यास चार, त्याला लागून असल्यास तीन आणि अन्यत्र दोन सोंगट्यांनी पकडला जातो. हा खेळ सामी लोकांनी जतन केला. लिनियसने १७३२ मध्ये तो त्यांच्याकडून टिपून घेतला.’

‘कोनाकिस’मधला ‘को’ ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत पडत नाही, पण ‘कि’ ऱ्हस्वच ठेवावा. ‘टाब्लुट’मध्ये ‘ब’ अर्धा आहे. आणि कृपा करून मुद्रिते मला पाठवा, मी त्याच दिवशी तपासून परत करीन, पैसे नकोत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. — पाकीट बंद करण्याआधी संगणक पाहिला. नवव्या डावात मी पहिल्यांदाच राजाची बाजू घेतली आहे. काल रात्री कडेची एक वाट मोकळी दिसली म्हणून मी मोठ्या रुबाबात ‘रायकी’ लिहून राजाला कोनाकिसपासून तीन घरे दूर नेला, एका काळ्या सोंगटीच्या अगदी शेजारी. ट्रोम्सोहून उत्तर आले आहे : ‘टाक फोर काम्पेन.’